पेशीतली चूल आणि कमलाबाई

दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक असतात. त्यांची धाकटी बहीण कमला मात्र फारशी कुणाला आठवत नाही. 1933 साली ती बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली, तर मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेशच नाकारला. पण ही हटून बसली! शेवटी वर्षभराच्या अटीवर घेतलं. तिथे तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की रामन यांनाच मत बदलावं लागलं.

पुढे केंब्रिज. आपण जेवतो, त्याची ताकद शरीरातल्या पेशींमध्ये, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या चुलींत तयार होते. त्या कामाला लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे तिने बटाट्यावरून दाखवलं. म्हणजे बटाट्याची आणि माणसाची चूल सारखीच! 1939 साली पीएच.डी. मिळाली. आज याच चुलींतल्या मॉट्स-सीसारख्या बारीक प्रथिनांचा साखरेशी, म्हातारपणाशी संबंध शोधतायत; पण बरंचसं अजून उंदरांवरच.

1947 मध्ये लग्न करून कमलाबाई सोहोनी मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. आम्हां मालवणकडच्यांना माड म्हटला की माडीच आठवते, पण न आंबलेली ताजी नीरा वेगळी. ती दिल्यावर कुपोषित आदिवासी मुलांची, गरोदर बायकांची तब्येत सुधारल्याचं त्यांना दिसलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र चार वर्षं उशिराच!