सरळ नजरेची वृत्तनिवेदिका : स्मिता पाटील

बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीचे काम वरवर पाहता फार सोपे वाटते. समोर कागद असतो, त्यावरील मजकूर दुसऱ्या कोणी लिहिलेला असतो, आणि तो स्वच्छ उच्चारांत वाचला की काम संपले, असा आपला समज असतो. वस्तुतः या कामाला एक कठोर शिस्त लागते. वाचणाऱ्याने स्वतःला मागे ठेवायचे आणि शब्दाला पुढे करायचे. दुःखाच्या बातमीवर रडायचे नाही, आनंदाच्या बातमीवर हुरळायचे नाही; आणि तरीही ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे की समोरची व्यक्ती आपल्याशीच बोलत आहे. मराठी दूरदर्शनच्या प्रारंभकाळात ही शिस्त एका अगदी तरुण मुलीने अंगी बाणवली आणि पुढे तिच्या बळावर भारतीय चित्रपटसृष्टीत स्वतःचे अढळ स्थान निर्माण केले. त्या मुलीचे नाव स्मिता पाटील.

आपल्या मंडळाची स्थापना आणि स्मिता पाटील यांचा पडद्यावरील उदय या दोन्ही गोष्टी साधारणपणे एकाच कालखंडातील. त्यामुळे सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल. त्याला आणखीही एक कारण आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण कसे जपावे, आणि जेथे राहतो तेथल्या मातीशी एकरूप कसे व्हावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात या ना त्या रूपाने उभा राहिलेला आहे. स्मिताताईंनी या प्रश्नावर कधी व्याख्यान दिले असेल वा नसेल. परंतु त्यांच्या कार्यात त्याचे एक उत्तर दडलेले आहे.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणे खानदेशातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यचळवळीतून पुढे आलेले राजकीय कार्यकर्ते. कालांतराने ते महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. घरात ध्येयवाद भरपूर होता, बडेजाव मात्र नव्हता. पुण्याच्या रेणुका स्वरूप शाळेतील शिक्षण आणि राष्ट्र सेवा दलाचे संस्कार यांतून स्मिताताईंची जडणघडण झाली. समूहात वावरणे, श्रमाची लाज न बाळगणे आणि आपल्याहून वेगळ्या थरातील माणसाकडे बरोबरीच्या नात्याने पाहणे, हे धडे त्यांना नाट्यशाळेत जाऊन गिरवावे लागले नाहीत. ते त्यांना घरात आणि सेवा दलाच्या मैदानावर मिळाले.

वडिलांच्या राजकीय जबाबदाऱ्यांमुळे कुटुंब मुंबईस आले. तेथे २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरेच केंद्र. त्या वेळी दूरदर्शन आकाशवाणीचाच एक भाग होते; ते स्वतंत्र झाले १९७६ साली. चित्र कृष्णधवल, प्रक्षेपण सायंकाळच्या काही तासांपुरते, आणि दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून कार्यक्रम पाहण्याचे ते दिवस. या नव्या माध्यमाला नवे चेहरे हवे होते. स्मिताताईंची काही छायाचित्रे केंद्रातील अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यातून त्यांना चाचणीसाठी बोलावणे आले, असे सांगतात. वयाची विशीही उलटली नव्हती, तोच त्या मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या देऊ लागल्या.

त्या काळच्या रूढ सौंदर्यकल्पनांना त्यांचा चेहरा धरून नव्हता. वर्ण सावळा, चेहरा रेखीव पण नटवा नाही, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर हातमागाची साडी. डोळे मात्र असे की पाहणाऱ्याची नजर तेथेच थांबावी. बातम्यांच्या वेळेपूर्वी धावतपळत केंद्रावर पोहोचून अंगातल्या जीन्सवरच त्या साडी गुंडाळीत आणि कॅमेऱ्यासमोर बसत, ही आठवण त्यांच्या परिचितांकडून पुष्कळदा सांगितली गेली आहे. त्यातला गमतीचा भाग सोडला तरी एक गोष्ट लक्षात येते. चौकटीत जेवढे दिसते तेवढेच नीटनेटके ठेवून उरलेले सारे लक्ष शब्दाकडे द्यावे, हा त्या कामाचा व्यवहार त्यांना लवकर उमगला होता.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना त्यांच्या त्या बातम्या पाहण्याचा योग आला नसेल. मुंबई केंद्राचे कार्यक्रम तेव्हा मुंबई आणि पुणे परिसरापलीकडे फारसे पोहोचत नव्हते. सुटीत मुंबईला आप्तांकडे गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील, तेवढेच. आपली आणि त्यांची खरी ओळख झाली ती चित्रपटांतून. आणि त्या चित्रपटांकडे त्यांना नेले तेही बातम्यांनीच. पुण्याच्या चित्रपट संस्थेतील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले होते. पुढे दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना दूरदर्शनवर पाहिले, आणि कॅमेऱ्याला न बिचकणारा हा चेहरा त्यांच्या मनात राहिला. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात बेनेगल यांनी त्यांना भूमिका दिली. हा चित्रपट हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगढी लोककलावंतांसमवेत तयार झाला होता. म्हणजे त्यांच्या वाटचालीचा आरंभच महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे झाला.

त्याच वर्षी ‘निशांत’ आला आणि १९७६ मध्ये ‘मंथन’. दोहोंच्या लेखनामागे विजय तेंडुलकर होते. ‘मंथन’ची कथा गुजरातमधील दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीची; तेथील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्या चित्रपटाचे भांडवल उभे केले होते. त्यातील बिंदू ही दलित वस्तीतील स्त्री स्मिताताईंनी उभी केली. चित्रीकरण पाहण्यास आलेल्या माणसांना गावच्या बायकांत बसलेली नायिका ओळखता आली नाही, असा किस्सा प्रसिद्ध आहे. मंत्र्याच्या घरातील, शहरात शिकलेली मुलगी सौराष्ट्रातील एका खेड्यात इतकी मिसळून जाते, याचे श्रेय केवळ वेशभूषेला देता येणार नाही. शब्दासमोर स्वतःला मागे ठेवण्याची वृत्तनिवेदिकेची सवय येथे माणसासमोर स्वतःला मागे ठेवण्याची सवय झाली होती. जतन करून नव्याने सिद्ध केलेला हा चित्रपट २०२४ साली कान महोत्सवात दाखविण्यात आला.

१९७७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विशेष महत्त्वाचे ठरले. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’ या चित्रपटात त्यांनी एका नटीच्या आयुष्यातील अनेक वळणे जिवंत केली. बावीस वर्षांच्या आतबाहेरची ही मुलगी पडद्यावर किशोरीपासून मुलीची आई होईपर्यंतचा प्रवास करते, आणि कोठेही तो प्रवास लटका वाटत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी ठाकर जमातीची चिंधी साकारली. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी नटलेला तो चित्रपट आजही आपल्या घरांत आवडीने पाहिला जातो. पुढे जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’ या १९८१ सालच्या चित्रपटात मुंबईच्या झोपडपट्टीतील अम्मा त्यांनी रंगविली आणि दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला.

परंतु परप्रांतीय मराठी माणसाला अधिक जवळची वाटावी अशी त्यांची वाटचाल निराळीच आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीवरून बेनेगल यांनी हिंदीबरोबर तेलुगूतही चित्रपट केला. त्या ‘अनुग्रहम्’मध्ये स्मिताताई होत्या. केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’त त्या गुजराती झाल्या. मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’ या १९८० सालच्या बंगाली चित्रपटात त्या दुष्काळावरील चित्रपटासाठी खेड्यात आलेल्या एका अभिनेत्रीच्या, जणू स्वतःच्याच, भूमिकेत दिसल्या. ‘अन्वेषणे’मध्ये त्या कन्नड पडद्यावर आल्या. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी ‘सद्गति’ केला, त्यात त्यांनी झुरियाची भूमिका केली. ज्या माध्यमाने त्यांना प्रथम लोकांसमोर आणले, त्याच माध्यमात त्या आता देशभरच्या प्रेक्षकांपुढे आल्या. जी. अरविंदन यांच्या ‘चिदंबरम’ या १९८५ सालच्या मल्याळम चित्रपटातील शिवकामी तर विवाहानंतर तमिळ मुलखातून केरळात आलेली. नव्या जागेतील तिचे बावरलेपण आणि फुलांकडे पाहताना उजळणारा तिचा चेहरा यांत शब्द अगदी थोडे आहेत. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने दूर देशी आलेल्या आपल्या कित्येक आया-आज्यांना त्या चेहऱ्यात स्वतःचे पहिले दिवस ओळखीचे वाटतील.

इतक्या भाषांत वावरूनही त्यांचे मराठीशी असलेले नाते सैल झाले नाही. १९८२ साली डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ प्रदर्शित झाला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरील या चित्रपटातील सुलभा महाजन सुखवस्तू घराचा उंबरठा ओलांडून महिलाश्रमाच्या अधीक्षिकेचे काम पत्करते आणि त्याची किंमत मोजते. ‘सुबह’ या नावाने तो हिंदीतही निघाला. स्त्रीने स्वतःच्या कामासाठी घर सोडावे काय, या प्रश्नावर त्या वेळी मराठी घराघरांत वाद झाले. आणि त्या वादात सुलभेचा चेहरा म्हणून स्मिताताईंचाच चेहरा डोळ्यांपुढे येत असे. स्त्रियांच्या प्रश्नांविषयीची ही आस्था पडद्यापुरती नव्हती. मुंबईतील स्त्री-संघटनांच्या कामाशीही त्यांचा संबंध होता.

त्यांचा मार्ग निष्कंटक मात्र नव्हता. ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ यांसारख्या मोठ्या व्यावसायिक चित्रपटांत त्या दिसू लागल्या, तेव्हा अनेक चाहत्यांना ते रुचले नाही. पावसात चिंब भिजून नाचण्याच्या एका गीताने त्यांना स्वतःलाही फार क्लेश झाले, असे सांगतात. अभिनेते राज बब्बर हे आधीच विवाहित होते; त्यांच्याशी स्मिताताईंनी संसार मांडला तेव्हा ज्यांनी त्यांना स्त्री-स्वातंत्र्याचे प्रतीक मानले होते, त्यांच्याकडूनही कठोर टीका झाली. या साऱ्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पडद्यावर निर्भय दिसणारी माणसे आयुष्यातही आपल्या अपेक्षेबरहुकूम वागावीत, असा आग्रह आपण प्रेक्षक किती सहज धरतो, एवढे मात्र त्यावरून जाणवते.

१९८५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना पुत्ररत्न झाले आणि त्यानंतर अवघ्या पंधरवड्याच्या आत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजाराने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते एकतीस. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, प्रदर्शित झाला. सत्तेच्या मगरुरीपुढे मान न तुकविणारी त्यातील सोनबाई प्रेक्षकांनी पाहिली, तेव्हा ती साकारणारी या जगात नव्हती. २०१३ साली टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

बारा वर्षांच्या आसपास त्यांची कारकीर्द. तेवढ्या अल्प काळात त्यांनी मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम पडद्यावर काम केले. आणि कोठेही पाहुणी म्हणून त्या उठून दिसल्या नाहीत. याचे मूळ शोधू गेल्यास आपण पुन्हा मुंबई दूरदर्शनच्या त्या छोट्या चौकटीपाशी येतो. तेथे त्यांनी मराठी शब्द स्वच्छ उच्चारायला आणि समोरच्या अनोळखी माणसाकडे न दबता, न मिरवता सरळ पाहायला शिकून घेतले. स्वतःची भाषा नीट बोलता येणे आणि दुसऱ्याचे जगणे आदराने न्याहाळणे या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

आपल्या मंडळातील मुले घरी मराठी बोलतात, शाळेत दुसरी भाषा बोलतात आणि खेळाच्या मैदानावर तिसरी. त्यांचे मराठीपण यामुळे पातळ होईल काय, ही चिंता वडीलधाऱ्यांच्या मनात गेली पन्नास वर्षे आहे. त्या मुलांना एखाद्या सायंकाळी ‘जैत रे जैत’ आणि ‘चिदंबरम’ हे दोन्ही चित्रपट अवश्य दाखवावेत. ठाकरवाडीतील चिंधी आणि केरळात आलेली शिवकामी या एकाच मराठी मुलीने उभ्या केल्या, हे कळल्यावर मुलांच्या मनात काय येईल ते त्यांनाच विचारावे. आणि त्यांना हव्या त्या भाषेत उत्तर देऊ द्यावे.