रोही, झेब्रा आणि उस्ताद मन्सूर

मोगल चित्रकला म्हटली, की दरबार, हत्तींच्या झुंजी आणि कमानीखाली बसलेल्या बेगमा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच दरबारात एक चित्रकार असा होऊन गेला, की ज्याने मुक्या जनावरांकडे जन्मभर निरखून पाहिले. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

मन्सूरचा जन्म कोठे झाला, आईबाप कोण, तो केव्हा वारला, याची नोंद कोणी ठेवली नाही. इ. स. १५९० च्या सुमारास अकबराच्या चित्रशाळेत तो दिसू लागतो, तोही धाकट्या हुद्द्यावर. बाबराच्या आत्मचरित्राच्या सचित्र प्रती तेव्हा तयार होत होत्या. त्यांतील पशुपक्ष्यांच्या पानांवर त्याचे नाव आढळते. नावापुढे तो नक्काश असे लावी, म्हणजे वेलबुट्टी काढणारा कारागीर. अशा माणसाविषयी मला आपुलकी वाटते. आमच्या घराण्यात सातबाऱ्याबाहेर कोणाचे नाव कागदावर चढले असेल, तर ते माझेच, कॉलेजच्या हजेरीपटावर!

१६०५ मध्ये जहांगीर गादीवर आला आणि मन्सूरचे दिवस पालटले. या बादशहाला नवलाच्या वस्तूंचा भारी नाद. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून फिरंग्यांनी सांगितल्या किमतीला विकत घेतलेली अपूर्व जनावरे घेऊन आला. त्यांत टर्की हा अमेरिकेतला पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन तर लिहिलेच, शिवाय चित्रही काढविले. ते मन्सूरचे मानले जाते. १६२१ मध्ये हबसाण देशातून झेब्रा आला. त्याचे पट्टे पाहून काहींना वाटले, की कोणी रंग फासला असावा. तपासणी झाली, पट्टे अस्सल निघाले, आणि मन्सूरने त्याचे चित्र काढले. खरा झेब्रा इराणच्या शहा अब्बासला पाठवावयाच्या नजराण्यात गेला. कागदावरचा आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

आता त्याच्या हाताविषयी थोडे. ही सारी चित्रे जलरंगांतलीच, परंतु रंगात पांढरा मिसळून दाट केलेली. कागदाचे थर खळीने चिकटवावयाचे, अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करावयाचे, डिंकात कालवलेला रंग आधी पातळ हाताने पसरावयाचा. मग खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन त्या रंगावर बारीक बारीक रेघा. या कामाला परदाज म्हणतात. नाकाडावर केस आखूड, मानेवर लांब, पोटाखाली मऊ आणि फिकट. प्रत्येक ठिकाणी त्यांची दिशा वेगळी. रेघ त्या दिशेनेच ओढली पाहिजे. मात्र माझ्या मते मन्सूरचे खरे कसब केसांच्या आधीचे आहे. त्याचे जनावर आधी हाडांवर उभे राहते, मग अंगावर केस धरते. कातडीखाली हाडे नसतील तर केस म्हणजे नुसता केरसुणीचा झुबका. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्याच्या नावावरचे नीलगाईचे चित्र आहे. आपण तिला रोही म्हणतो. ताडकळसच्या शिवारात हरभऱ्याची राखण करणाऱ्याला त्या जनावराचे कौतुक कसले! पण छापील चित्र मी आमच्या आजोबांना दाखविले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, की काढणाराने ते जवळून पाहिले आहे.

जवळून पाहिलेच होते; पण कोणाच्या कृपेने? जहांगीरने स्वतःच्या शिकारीचा हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जीव मारले गेले. त्यांतले १७,१६७ त्याने स्वतः मारले. त्यात ८८९ नीलगाई होत्या आणि ६४ लांडगे. हे आकडे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा लांडग्याची कीव आली. मेंढरे राखणाऱ्यांच्या गावात हे बोलण्याची सोय नाही! हाच बादशहा सारसाच्या जोडीला लैला-मजनू नावे देऊन पाळतो, त्यांची अंडी कधी उबली ते लिहितो. एकाच माणसाच्या आज्ञेने एकीकडे गोळी सुटत होती आणि दुसरीकडे केस न् केस कागदावर उतरत होता. हा विरोध मला अजून सुटलेला नाही.

जहांगीरने मन्सूरला नादिर-उल-असर, म्हणजे युगातील अद्वितीय, हा किताब दिला. १६२० मध्ये काश्मिरात त्याने शंभरावर फुले रंगविली, असे बादशहाच नमूद करतो. मात्र सारसांना मिळाल्या तेवढ्या ओळी मन्सूरच्या वाट्याला आल्या नाहीत. १६२७ मध्ये जहांगीर वारला. मन्सूरचा माग त्याच्या थोडा आधीच पुसट होतो.

त्याने काढलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपच्या शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ साली, मन्सूरच्या चित्रानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. हे क्रौंच हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला उतरत असत. शेवटची जोडी तेथे २००२ साली दिसली.