जहाजात भरून अख्खं लाकडी हॉस्पिटल युद्धावर पाठवणारा इंजिनिअर

गोष्ट आहे 1855 ची. क्रिमियाचं युद्ध चालू होतं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. पण ब्रिटिश सैनिक गोळ्यांपेक्षा जास्त मरत होते ते कॉलरा, हगवण आणि तापाने. जखमींना समुद्रमार्गे इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला आणायचे. तिथे एका जुन्या बराकीचं हॉस्पिटल केलेलं, खाली तुंबलेली गटारं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर 1854 पासून तिथे होती, तरी फेब्रुवारीत दर शंभर पेशंटमागे चाळीसहून जास्त मरत होते.

लंडनमध्ये बोंबाबोंब झाली आणि सरकारला इसांबार्ड किंगडम ब्रुनेल आठवला.

हा गडी कोण? जन्म 1806, पोर्ट्समाउथचा. वडील मार्क ब्रुनेल फ्रान्समधून आलेले इंजिनिअर. बापलेकांनी थेम्स नदीखालून बोगदा खणायला घेतला. 1828 मध्ये बोगद्यात पाणी घुसलं, सहा कामगार गेले, इसांबार्ड जबर जखमी होऊन वाचला. पुढे 1833 मध्ये तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर झाला. पूल, स्टेशनं, लोखंडी जहाजं, सगळीकडे त्याचं नाव.

लोखंडवाला म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी लाकडावरही त्याचा हात बसलेला होता. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या दऱ्यांवर त्याने लाकडी रेल्वेपूल उभारले. त्यातला एखादा वासा कुजला, तर तेवढाच काढून नवा बसवता यायचा.

16 फेब्रुवारी 1855 ला युद्धखात्यातले अधिकारी बेंजामिन हॉज यांनी त्याला विचारलं. हॉज त्याच्या बहिणीचे नवरे. ब्रुनेलने त्याच दिवशी होकार कळवला.

अडचण अशी होती की हॉस्पिटल कुठे उभं राहणार हेच ठरलं नव्हतं. जमीन सपाट असेल की उताराची, काहीच माहीत नाही. मग त्याने अख्ख्या इमारतीचा नाद सोडला आणि एकच तुकडा डिझाइन केला. साधारण पन्नास पेशंटचं, दोन वॉर्डचं लाकडी युनिट. प्रत्येक युनिटला स्वतःचे संडास, स्वतःची धुण्याची जागा. मधोमध एक लांब, छप्पर असलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अशी युनिटं जोडत जायची. जागा मिळेल तितकी वाढवा.

उन्हाने लाकूड तापू नये म्हणून बाहेरून पातळ पत्रा आणि वर पांढरा रंग. हाताने फिरवायच्या पंख्याने ताजी हवा आत ढकलायची सोय. स्वयंपाकघर आणि धोबीखाना मात्र लोखंडी, कारण तिथे आगीची भीती. गंमत म्हणजे जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, घाण हवेने माणूस आजारी पडतो असंच बहुतेक मानायचे. कारण चुकलेलं होतं, पण उपाय लागू पडणारा होता.

नमुन्याचं युनिट लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनच्या आवारात उभं करून तपासलं. लाकूडकाम ग्लॉस्टरला झालं. टेंडरच्या कागदांची वाट न बघता त्याने ऑर्डर दिली, तेव्हा कंत्राट विभागाने हरकत घेतली. ब्रुनेलने त्यांना खरमरीत पत्र लिहून गप्प केलं.

सुटे भाग 23 जहाजांतून निघाले. डॉ. एडमंड पार्क्स यांनी डार्डानेल्सच्या काठावर, प्राचीन ट्रॉयजवळ रेंकियोई ही जागा निवडली. जोडणीवर देखरेख इंजिनिअर जॉन ब्रंटनची. मे महिन्यात काम सुरू झालं, जुलैत 300 पेशंटची सोय तयार.

पण पहिले पेशंट आले ऑक्टोबरमध्ये! तोवर सेवास्तोपोल पडलं होतं, मोठी लढाई संपली होती. पुढे 2,200 जणांची जागा झाली, पण हॉस्पिटल कधी भरलंच नाही. एकूण 1,300 च्या आसपास पेशंट, मृत्यू सुमारे 50.

हा आकडा स्कुटारीच्या शेजारी ठेवून ब्रुनेलचं कौतुक केलं जातं, पण ही तुलना तितकी सरळ नाही. इथे आलेले पेशंट त्या भयंकर हिवाळ्यातले नव्हते. आणि मार्च 1855 मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारं साफ केल्यावर स्कुटारीचे मृत्यूही झपाट्याने घटले होते. तरी स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि लहान वॉर्ड हा हिशोब रेंकियोईत पहिल्या दिवसापासून होता, हे मान्य करावंच लागतं.

युद्ध संपलं, 1856 मध्ये हॉस्पिटल बंद झालं आणि त्याचे भाग तुर्की सरकारला विकले गेले.

ब्रुनेल तेव्हा ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजात गुंतला होता. त्या कामाने त्याला पैशाने आणि तब्येतीने पोखरलं. 5 सप्टेंबर 1859 ला त्याला झटका आला आणि दहा दिवसांनी, वयाच्या 53 व्या वर्षी तो गेला. प्रवासी जहाज म्हणून ‘ग्रेट ईस्टर्न’ तोट्यातच राहिलं. पण 1870 मध्ये तेच जहाज मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकत निघालं.