बेडकाचा पाय आणि बाणाचं विष

समजा, तुम्ही पाच अंकी नाटक लिहिलंय. ते घेऊन मोठ्या शहरात गेलात आणि तिथल्या नामांकित समीक्षकाने सांगितलं, की आधी पोटापाण्याचं काहीतरी शिका. काय वाटेल? क्लोद बेर्नारचं नेमकं हेच झालं. १८१३ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात, द्राक्षमळेवाल्याच्या घरी जन्मलेला हा पोरगा लियाँ शहरात औषधाच्या दुकानात कामाला होता. तिथे खराब झालेली औषधं फेकून न देता एका ‘सर्व रोगांवर चालणाऱ्या’ औषधात ढकलून द्यायचे म्हणे. औषध शरीरात नेमकं करतं काय, हा किडा तिथेच डोक्यात शिरला असणार.

नाटकाचं जमलं नाही म्हणून बेर्नार पॅरिसमध्ये मेडिकलला गेला. तिथेही टॉपर वगैरे नाही. इंटर्नच्या परीक्षेत २९ जणांत २६वा! पण माझांदी या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत त्याचा हात बसला. १८४४ मध्ये पेलूझ या केमिस्ट मित्राने त्याला क्युरारे आणून दिलं.

क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जंगली वेली उकळून काढलेला काळपट, चिकट अर्क. तिथले आदिवासी तो बाणाच्या टोकाला लावत. बाण लागला की जनावर लुळं पडतं आणि श्वास बंद होऊन मरतं. गंमत म्हणजे तेच मांस खाणाऱ्याला काही होत नाही, कारण पोटातून हे विष रक्तात जवळजवळ जातच नाही. मग ते मारतं कुठे? मेंदूत, हृदयात, की स्नायूत?

बेर्नारने बेडकाचे स्नायू त्यांच्या मज्जातंतूंसकट काढले. एका काचेच्या वाटीत फक्त मज्जातंतू विषात बुडवला आणि स्नायू बाहेर ठेवला. मज्जातंतूला करंट दिला, तर स्नायू आखडला. दुसऱ्या वाटीत उलटं केलं, स्नायू विषात आणि मज्जातंतू बाहेर. आता मज्जातंतूला कितीही करंट द्या, स्नायू ढिम्म! पण करंट थेट स्नायूला दिला, की तो हलायचा. म्हणजे दोघंही जिवंत होते, तुटला होता तो त्यांच्यातला निरोप. इतकी साधी मांडणी, दोन वाट्यांची! मला तर हा भाग वाचताना थ्रिलर वाचल्यासारखं वाटलं.

पुढचा प्रयोग मात्र अंगावर येतो. त्याने बेडकाच्या मागच्या पायांचा रक्तपुरवठा बांधून टाकला, मज्जातंतू तसेच ठेवले आणि मग विष दिलं. पुढचा भाग लुळा पडला. पण तिथे चिमटा काढला, की मागचे पाय झटकत. विचार करा, त्या लुळ्या अंगाला सगळं जाणवत होतं, फक्त हलता येत नव्हतं! बेर्नारला याचा अर्थ कळला होता, तो त्याने लिहिलाही. तरी प्राण्यांवरचे प्रयोग थांबले नाहीत. क्युरारे देऊन प्राणी स्थिर ठेवायचा, ही तर पुढे प्रयोगशाळांमधली पद्धतच होऊन बसली.

घरी याची किंमत मोजावी लागली. १८४५ मध्ये फॅनी मार्टिनशी लग्न झालं, तेव्हा मिळालेल्या हुंड्याच्या पैशावर त्याचं संशोधन चाललं होतं. फॅनीला मात्र हे प्रयोग सहन होईनात. मुलीही आईच्याच बाजूने. शेवटी नवराबायको वेगळे झाले. तुम्ही कोणाची बाजू घ्याल? मी दोनदा मत बदललं.

१८७८ मध्ये तो गेला, तेव्हा सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. फ्रान्समध्ये हा मान मिळालेला तो पहिला शास्त्रज्ञ.

१९४२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी पेशंटचे स्नायू सैल करायला क्युरारे वापरलं. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये तशाच पद्धतीने काम करणारी औषधं देतात. पण त्याबरोबर भूल द्यावीच लागते. कारण त्या बेडकासारखंच पेशंटलाही सगळं जाणवलं असतं आणि सांगता आलं नसतं.