फ्लॉरेन्स नाईटिंगेल बाईंचे चित्र

मला फ्लॉरेन्स नाईटिंगेल बाई फार आवडतात. त्यांची गोष्ट आम्हाला गुरुजींनी सांगितली. हातात दिवा घेतलेल्या बाई म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण मी आज दिव्याबद्दल थोडे आणि त्यांच्या मोजण्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरात झाला. म्हणून आईवडिलांनी तेच नाव ठेवले. त्यांचे घर इंग्लंडात होते व खूप श्रीमंत होते. वडील मुलींना घरीच शिकवत. फ्लॉरेन्सला गणित फार आवडायचे. पुढे तिने नर्स व्हायचे ठरवले तेव्हा घरचे लई रागावले. त्या काळी श्रीमंतांच्या मुली असलं काम करत नसत. पण ती हटली नाही. १८५१ साली जर्मनीत जाऊन ती रोग्यांची सेवा शिकून आली.

१८५४ साली क्रिमियाची लढाई चालू होती. इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी शिपायांना बोटीने तुर्कस्तानात स्कुटारी गावच्या दवाखान्यात आणत. बाई ३८ नर्सना घेऊन नोव्हेंबरात तिथे पोचल्या. तिथे फार घाण होती. उंदीर फिरत होते. धड अंथरूण नव्हते. बाईंनी कपडे धुवायची, चांगल्या जेवणाची सोय केली. रात्री त्या दिवा घेऊन सगळ्या खाटांजवळून फिरत.

तरीपण माणसं मरायची थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर शंभर रोग्यांत सुमारे ४२ जण मेले. मला वाचून वाईट वाटले. इतकी सेवा करूनसुद्धा असं का व्हावं?

मार्च महिन्यात इंग्लंडहून तपासणीची माणसे आली. दवाखान्याखालची गटारे तुंबली होती. पाणी यायच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत शंभरात फक्त सुमारे २ जण मरू लागले.

लढाई संपल्यावर १८५६ साली बाई घरी आल्या. आता त्यांनी आराम केला असेल असे तुम्हाला वाटेल. पण नाही. दवाखान्यात मेलेल्यांच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत होत्या आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. विल्यम फार नावाच्या आकडेमोड जाणणाऱ्या माणसाबरोबर बसून त्यांनी सगळा हिशेब केला. तेव्हा कळले की गोळी लागून मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त शिपाई कॉलऱ्यासारख्या रोगांनी मेले होते. स्वच्छता असती तर ते वाचले असते.

पण आकड्यांचे तक्ते मोठी माणसेसुद्धा वाचायचा कंटाळा करतात. म्हणून १८५८ साली बाईंनी एक गोल चित्र काढले. बारा महिन्यांचे बारा भाग, फुलाच्या पाकळ्यांसारखे. निळा रंग रोगाने मेलेल्यांचा, लाल जखमांचा आणि काळा बाकीच्यांचा. निळा भाग एवढा मोठा की कुणालाही दिसावा. मग सरकारला सुधारणा कराव्या लागल्या. सगळ्या दवाखान्यांनी एकसारखे तक्ते भरावेत असेही बाईंनी सुचवले. १८६० साली त्यांनी लंडनमध्ये नर्सची शाळा काढली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांतून माहिती मागवून इथल्या स्वच्छतेसाठीही त्या पुष्कळ वर्षे लिहीत राहिल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी ९० व्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या जन्मदिवशी जगभर परिचारिका दिन पाळतात.

ही गोष्ट ऐकताना मला आमच्या अंगणवाडीचे कार्ड आठवले. माझ्या धाकट्या बहिणीचे तिथे दर महिन्याला वजन करतात आणि कार्डावर ठिपका देतात. एकदा ठिपका हिरव्या पट्ट्यातून खाली पिवळ्यात गेला. आम्ही रोज तिला कडेवर घेत होतो तरी ती वाळली हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. बाईंनी आईला लगेच दवाखान्यात पाठवले. औषध व खाणे वाढवल्यावर ठिपका परत हिरव्यात आला. आता अंगणवाडीच्या बाई वजन मोबाईलमध्येपण भरतात. काय करतात म्हणून मी पूर्वी हसायचो. आता हसत नाही.

म्हणून मुलांनो, नुसती माया पुरत नाही, मोजावेही लागते. दिवा घेऊन रोग्याजवळ जायचे आणि सकाळी वहीत नीट लिहायचे. मला पूर्वी गणिताचा कंटाळा यायचा. आता मी रोज उदाहरणे सोडवतो.