मेंदूसाठी एक छप्पर

१८९१ साली अमेरिकेत जन्मलेले वाइल्डर पेनफिल्ड मेंदूचे शल्यविशारद झाले. १९२८ मध्ये त्यांनी सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया केली. गाठ पूर्ण निघाली नाही. १९३१ मध्ये रूथ गेली. एकट्या सर्जनच्या हाताला किती मर्यादा असतात, हे त्यांनी घरातच पाहिले.

मेंदूविकारतज्ज्ञ, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि संशोधक रुग्णांच्या शेजारी, एकाच इमारतीत काम करतील अशी संस्था त्यांना हवी होती. रॉकफेलर फाउंडेशनकडे केलेला पहिला प्रयत्न फसला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९३२ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक अनुदान मिळाले. त्यातील मोठा भाग कायम निधी होता, म्हणजे उत्पन्नावर संशोधन चालत राहावे. १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली.

तिथे हर्बर्ट जास्पर मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवत, ब्रेंडा मिल्नर स्मृती तपासत. पेनफिल्ड जागा बधिर करून, जाग्या रुग्णाशी बोलत फिटची शस्त्रक्रिया करीत. त्यातून मेंदूचा नकाशा तयार झाला.

१९७६ मध्ये ते निवर्तले. फिटच्या शस्त्रक्रियेआधी आज वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. ती रीत त्या इमारतीत चांगलीच रुळली होती.