मुधोळचे मालोजीराजे आणि बेडरांची शिकारी कुत्री

मुधोळ म्हटलं की आज बहुतेकांना आधी कुत्रा आठवतो, मग गाव. या कुत्र्याला गावाचं नाव आणि सातासमुद्रापार ओळख मिळाली ती श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे.

घटप्रभेच्या काठचं मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे. मुलूख कन्नड, गादी मात्र मराठ्यांची. संस्थान लहानच, ३६८ चौरस मैलांचं. १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६३ हजारांच्या आसपास होती. मालोजीरावांचा जन्म १८८४ चा. १९०० साली ते गादीवर आले आणि १९३७ पर्यंत त्यांचा अंमल राहिला. इंग्रज सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. दत्तात्रय विष्णू आपटे यांनी लिहिलेला मुधोळकर घोरपडे घराण्याचा इतिहास १९३४ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत निघाला. त्यात छापलेल्या जुन्या फर्मानांवरून अभ्यासकांत पुढे वादही झाले.

राजघराण्याची वंशावळ अशी कागदावर आली. पण याच संस्थानात आणखी एक जुनं घराणं होतं, ज्याची वंशावळ कुणी लिहून ठेवली नव्हती. ते म्हणजे बेडरांची कुत्री.

बेडर हा शिकारीवर जगणारा, लढवय्या समाज. १८५७ साली सरकारने हत्यारं जमा करायला सांगितली तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी उठाव केला आणि त्यासाठी अनेकजण फासावर गेले. त्यांच्याकडची शिकारी कुत्री उंच, सडपातळ, लांब तोंडाची आणि खोल छातीची. वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारी. सशामागे सुटली की दिसेनाशी व्हायची. अरब, इराण, तुर्कस्तानकडून आलेल्या जातींचं रक्त त्यांच्यात आहे, असं मानलं जातं. महाराष्ट्रात आपण याच कुत्र्याला कारवानी म्हणतो.

मालोजीरावांची नजर या कुत्र्यांवर पडली. त्यांनी निवडक कुत्री घेतली आणि जोड्या लावून पैदास सुरू केली. सांगायला हे एका ओळीचं काम, पण निवड कशाशी खातात हे दारात मादी असलेल्यालाच कळतं. पहिला प्रश्न नराचा नसतोच. या मादीची पिल्लं घ्यावीत का, हा असतो. ती माजावर आली एवढं कारण पुरत नाही. पहिला माज सोडावा, दोन वर्षांची होऊन अंग भरू द्यावं. बुजरी, विनाकारण चावणारी किंवा वारंवार आजारी पडणारी मादी दिसायला कितीही देखणी असली तरी तिची पिल्लं घेऊ नयेत.

मग नर. मादीची छाती उथळ असेल तर नर खोल छातीचा हवा. दोघांत एकच दोष असेल तर तो पिल्लांत पक्का होतो. आपण सोयरीक करताना गोत्र बघतो, तसं इथे रक्त बघावं लागतं. भाऊ-बहीण, बाप-लेक अशी जोडी लागत गेली की चार पिढ्यांत जोम उतरतो. शेजारचा नर फुकट मिळतो म्हणून लावणं हा सगळ्यात महागडा व्यवहार. जोडी लावण्याआधी दोघांची ब्रुसेलोसिसची तपासणी करावी, कारण त्या रोगाने गर्भ पडतात. गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. बाळंतपण अडलं तर मादीच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेला बरा.

राजांनी या कुत्र्यांची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि बेडरांच्या झोपडीतलं जनावर राजवाड्यात पोचलं. नाव मात्र मुधोळचं झालं, बेडरांचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पळणारी मादी आणि पकडणारा नर निवडून हे रक्त राखलं ते त्यांनी. राजांचं मोठेपण हे की त्यांनी ते ओळखलं आणि वेळेत सांभाळलं.

१९३९ साली मालोजीराव वारले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. पुढे ही जात राहिली ती आसपासच्या गावांत, शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या दारात. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे.

आज पिल्लांना भाव आहे, मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंनी आहे. त्यामुळे दर माजाला मादी लावायचा मोह होतो. पण पिल्लं हे व्याज, मादी हे मुद्दल. राजा गेला, संस्थान गेलं. कुठली मादी लावायची आणि कुठली नाही, हे आता ज्याच्या अंगणात ती बांधलेली आहे त्यानेच ठरवायचं आहे.